तवंदीच्या घाटात गाडी ओढेना

कोल्हापूरहून आजरा तसं लांब नाही. कागल, निपाणी, मग तवंदीचा घाट, पलीकडं संकेश्वर, तिथून उजवीकडं वळलं की गडहिंग्लज आणि पुढं आजरा. सकाळची एस.टी. धरली तर माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तिथं बघण्यासारखं काय आहे असं परत आल्यावर शाळेतल्या बायकांनी मला विचारलं. नदी आहे, काजूच्या बागा आहेत, घनसाळ तांदूळ आहे, असं मी सांगितलं. बाकीचं तेव्हा सांगता आलं नाही. ते इथं लिहिते.

मी कोल्हापुरात एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझे यजमान उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. शेतीच्या पंपाची ऑइल इंजिनं तिथं बनायची, त्यामुळं नुसत्या आवाजावरून इंजिनाचं कुठं दुखतंय ते हे सांगायचे. जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घ्यायची तेव्हा लाट आली होती. ह्यांनीही एक जुनी पांढरी मोटार आणली आणि दर रविवारी अंगणात तिच्याखाली आडवे होऊन चार महिन्यांत तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. सगळं स्वतःच्या हातानं. गाडी पहिल्यांदा धडधडली तेव्हा अर्धी गल्ली जमली होती, आणि हे हात मागं बांधून नुसते उभे होते, बघायला आलेल्या मुलासारखे अवघडून.

गाडी दाखवायला म्हणून माघातल्या एका शनिवारी ते आजऱ्याला धाकट्या भावाकडं गेले. हा माझा दीर. मी त्यांना भावजी म्हणते. काजूच्या कारखान्यात कामाला. आईवडील लवकर गेले, त्यामुळं ह्यांनीच त्यांना शिकवलं, लग्न करून दिलं. रविवारी पहाटे ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि लगेच कोल्हापूरला न्या म्हणाले. भावजींनी ह्यांना मागच्या सीटवर झोपवलं आणि त्याच गाडीतून निघाले. आजऱ्याहून ट्रंककॉल आला होता, त्यामुळं मी आधीच दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले होते. अडीच तासांच्या वाटेला त्यांना जवळजवळ पाच तास लागले. डॉक्टरांनी गाडीतच नाडी बघितली आणि थोडं आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

भावजी म्हणाले, "वैनी, गाडी ओढंना झालती." मी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

पुढचे दोन दिवस माझा भाऊ हीच गाडी घेऊन सगळीकडं फिरला. स्मशानात, बाजारात, स्टँडवर. एकदाही कुठं अडली नाही. त्यातच गल्लीतल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की रविवारी सकाळी तवंदीच्या घाटात ही गाडी त्यानं बसमधून बघितली होती. झाडाखाली उभी होती, बॉनेट बंद होतं, आणि भावजी मागच्या सीटवर नुसते बसून होते. मग मला दुसरं काही सुचलं नाही. सावडायच्या दिवशी, सगळे बसले असताना मी म्हणाले, "गाडीला काही झालं नव्हतं. तुमचा धीर सुटला आणि माझा माणूस गेला."

तेरावा झाल्यावर भावजी गेले ते गेलेच. वर्षश्राद्धाला आले नाहीत. मीही निरोप धाडला नव्हता.

श्राद्धानंतर आठवड्यानं माझ्या धाकट्या जावेचं, शालनचं, कार्ड आलं. आमचे हे घरात कुणाशी बोलत नाहीत, कारखान्यातून येतात आणि नदीवर जाऊन बसतात, बाई, तुम्ही एकदा येऊन जा, असं चार ओळींत लिहिलं होतं. मला वाटलं, केलेलं त्यांना खात असणार. मनाशी ठरवलं की जायचं आणि सांगायचं, मी तुम्हाला माफ केलं. खरं लिहायचं तर त्या विचारानं मी माझ्याच नजरेत जरा मोठी झाले होते.

पहिला दिवस. कोल्हापूर ते तवंदी

गाडी वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली होती. शेजारचे यशवंतराव तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेले. पंधरा दिवसांतून एकदा ते ती चालू करून ठेवायचे. डिझेलचा फिल्टरही त्यांनी नवा घातला होता. म्हणाले, बसनं कशाला जाताय, उभ्या उभ्या गंजून जाईल ती, मी नेतो तुम्हाला. मला त्या गाडीत बसायचं नव्हतं. पण त्यांचं मन मोडवेना.

सातला निघालो. हवेत गारवा होता. कागलच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि एका गुऱ्हाळाचा वास खिडकीतून आत आला. यशवंतरावांनी गाडी थांबवून केळीच्या पानाच्या द्रोणात गरम काकवी आणली. मी बरोबर दशम्या आणि भडंग घेतलं होतं. दशमी काकवीत बुडवून खाल्ली आणि बऱ्याच महिन्यांनी तोंडाला चव आल्यासारखं झालं.

निपाणीत सगळीकडं तंबाखूचा वास. बाजारातून जाताना मला सारख्या शिंका येत होत्या आणि तिथल्या बायका मात्र पोती शिवत निवांत गप्पा मारत होत्या. चहाच्या हॉटेलात गिऱ्हाईक मराठीत चहा मागायचं, मालक कानडीत पोऱ्याला सांगायचा आणि हिशेब पुन्हा मराठीत. आमच्याकडं एका घरात दोन सुनांची बोली वेगळी असली तरी कुरबुर होते. इथं कुणाला त्याचं काहीच नव्हतं. चहा मात्र आमच्यापेक्षा पातळ.

निपाणी सुटली की थोड्या वेळात तवंदीचा चढ लागतो. फार अवघड घाट नाही. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मधूनच मोठं झाड, आणि वर चढावं तसं मागं निपाणीच्या शिवारातली तंबाखूची हिरवी शेतं दिसत जातात. मी मान वळवून तेच बघत होते. पहिलं वळण झालं आणि गाडीचा आवाज बदलला. धडधड होती, पण तिच्यातला जोर निघून गेला. यशवंतरावांनी तिसरा गिअर काढून दुसरा टाकला, मग पहिला. पाय पार खाली दाबलेला मला दिसत होता. तरी गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. मागून उसाचा ट्रक येऊन पुढं गेला. मग दोन झटके बसले आणि गाडी थांबली.

यशवंतराव हँडब्रेक ओढून म्हणाले, "वैनी, गाडी ओढंना झालीया."

त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते शब्द मला आधी कुणी म्हटलेत हे त्यांना मी कधी सांगितलेलं नव्हतं. मी खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

त्यांनी बॉनेट उघडून सगळं बघितलं, काही सापडलं नाही, म्हणून बंद केलं. दहा मिनिटांनी सहज चालू करून बघितली तर पहिल्यासारखी जोरात धडधडली. आम्ही निघालो. अर्धा मैल गेलो आणि परत तेच. आवाज बारीक झाला, जोर गेला, थांबली. परत दहा मिनिटं, परत अर्धा मैल. माथ्यावर पोचेपर्यंत चारदा असं झालं. तिसऱ्या वेळी मी यशवंतरावांना विचारलं, मागं कोणी आजारी माणूस असता तर तुम्ही काय केलं असतं. ते म्हणाले, काय करणार, हेच, थांबायचं आणि चालू करायची.

मी वर्षभर एका माणसाला भित्रा ठरवलं होतं. ती गाडी माझ्यासमोर रस्त्यात तशीच उभी होती.

संकेश्वर

उतारावर काही त्रास झाला नाही. संकेश्वरात वेशीजवळ डिझेल गाड्यांचा एक म्हातारा मिस्त्री आहे असं यशवंतरावांना माहीत होतं. नाव मल्लाप्पा. शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा, एकटाच काम करायचा. शेडसमोरच्या पटांगणात संकेश्वरी मिरच्या वाळत घातलेल्या, सगळं लालभडक. वाऱ्याची झुळूक आली की डोळ्यांत पाणी यायचं, त्यामुळं माझ्या डोळ्यांतलं पाणी कुणाला वेगळं दिसलं नाही.

मल्लाप्पानं गाडीला हात लावायच्या आधी बसवून प्रश्न विचारले. चढाला बसते की सपाटीला? एकदम बसते की हळूहळू? धूर कसला येतो? यशवंतराव म्हणाले, चढालाच, हळूहळू, आणि धूर जवळजवळ नाही. काळा धूर नाही म्हणजे इंजिनाला हवा पुरते आहे, डिझेल पुरत नाही, असं तो म्हणाला. शेवटी त्यानं विचारलं, किती वेळ थांबल्यावर बरी होते? दहा मिनिटं, असं मीच सांगितलं. तो माझ्याकडं वळला.

"थांबल्यावर आपसूक बरी हुतीया म्हंजे आजार इंजिनात न्हाई, अक्का. इंजिन मोडलं तर ते बसून बरं हुत न्हाई."

तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. मल्लाप्पा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा असेल, पण परक्या बाईला ते असंच बोलावतात. आमच्याकडं पावण्याला पावणं म्हणायचं, पण बाईला काय म्हणायचं याची पंचाईतच असते.

एकेक गोष्ट तो बाजूला काढत गेला. हवेची जाळी स्वच्छ होती. डिझेलचा फिल्टर नवाच होता, तरी त्यानं स्वतःचा घालून बघितला. आम्ही परत घाटाच्या चढावर जाऊन आलो, तेच झालं. मग त्यानं पंपाजवळची नळी सोडली आणि हातानं पंप मारला. डिझेल आधी भरभरून आलं, मग बारीक धार झाली, मग थेंब. नळी तोंडात धरून त्यानं टाकीकडं जोरात फुंकर मारली, तर डिझेल परत भरभरून आलं, आणि परत बारीक झालं. मग त्यानं एका टिनाच्या डब्यात स्वच्छ डिझेल भरलं, डबा गाडीच्या टपावर तारेनं बांधला, आणि रबरी नळीनं डिझेल वरून थेट पंपाला दिलं. टाकीचा संबंधच तोडला. मग म्हणाला, आता चला घाटात.

मी मागच्या सीटवर बसले होते. गाडी तवंदीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. एकदाही थांबली नाही. यशवंतराव आणि मल्लाप्पा पुढं बसून एकमेकांकडं बघून मान हलवत होते. ज्या सीटवर मी होते तिथंच हे झोपले होते. ही गाडी अशी चढू शकत होती. मला तिथं बसवेना, पण उतरते असंही म्हणता येईना.

परत शेडवर येऊन मल्लाप्पानं टाकी उतरवली, डिझेल बादलीत काढलं, बॅटरी मारून आत बघितलं आणि तारेचा आकडा करून आत घातला. दोनदा नुसताच बाहेर आला. तिसऱ्यांदा त्याला लागून एक ओलं, काळपट फडकं आलं. हातभर लांब.

त्यानं समजावून सांगितलं. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, नळी जोरात ओढते, आणि हे फडकं तिच्या तोंडावर जाऊन बसतं. इंजिन बंद केलं की ओढ संपते आणि ते सुटून खाली पडतं. सपाटीला, गावातल्या गावात कळतही नाही. पेट्रोलची टाकी डिझेलसाठी धुऊन आतून पुसली असणार, त्यात बोळा राहून गेला. मग त्यानं विचारलं, इंजिन कुणी बसवलं? यशवंतराव माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, माझ्या यजमानांनी. ते आता नाहीत हे यशवंतरावांनी हळू आवाजात सांगितलं.

मल्लाप्पानं पुन्हा एकदा इंजिनाकडं बघितलं. "बाकी काम लई चोख हाय," तो म्हणाला. "नळीचा एक वळसा वाकडा न्हाई. हात चांगला हुता त्यांचा." आणि साबण घेऊन कितीतरी वेळ हात धूत बसला.

मी ते फडकं घेतलं आणि पिळलं. एका कडेला काठ होता, आमसुली, रुईफुलाचा. इचलकरंजीचं सुती पातळ होतं ते, माझंच. एका रविवारी मी पोळ्या करत असताना ह्यांनी खिडकीशी येऊन मऊ सुती काहीतरी मागितलं होतं, ज्याचे धागे सुटणार नाहीत असं. मी तव्यावरची पोळी खाली काढून, ट्रंकेतलं ते विटलेलं पातळ टरकावून त्यांच्या हातात दिलं होतं. काठ काढून द्यायला हवा होता, असं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. असल्या वेळी माणसाला काय वाटेल याचा नेम नाही.

चार वाजले होते. गडहिंग्लजच्या रस्त्याला लागल्यावर यशवंतरावांना मी सगळं सांगितलं: तो रविवार, पाच तास, मी भावजींना काय म्हणाले ते. त्यांनी पुढं बघतच ऐकलं. मग म्हणाले, भावजीस्नी सांगा गाडीतच दोष हुता, पण कचरा पेट्रोलपंपावरच्या डिझेलातनं आला म्हणा. गेलेल्या माणसाच्या माथ्यावर कशाला ठेवायचं. त्यांनी भावाला बापासारखं मानलंय. मला ते पटलं. गडहिंग्लज मागं पडेपर्यंत कसं सांगायचं त्याची मी मनात जुळवाजुळवही केली.

आजऱ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. काजूच्या झाडांना मोहोर होता आणि गावभर त्याचा उग्र गोडसर वास होता. शालननं दारात येऊन माझ्या पायावर पाणी घातलं आणि तिला रडू आवरेना. भावजी परसातून आले, वाकून पाया पडले, गाडीकडं एकदा बघितलं आणि परत परसात गेले. वर्षात त्यांचे केस पांढरे झाले होते.

दुसरा दिवस. आजरा

आजऱ्यात पाहुण्याला पहिल्या दिवशी चपाती नाही, भातच वाढतात. नवा घनसाळ शिजत असला की तीन घरांपलीकडं कळतं. शालननं आदल्या रात्री त्यावर कुळथाचं पिठलं आणि हंगामातल्या पहिल्या ओल्या काजूंची उसळ केली होती. आमच्याकडं काजू म्हणजे सणाला शिऱ्यात चार. इथं ते भाजीला पोतंभर. ओल्या काजूचा चीक हाताला लागून शालनची बोटं काळी पडलेली, सालटी निघालेली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तीही सीझनला कारखान्यात काजू सोलायला जाते.

सकाळी आंघोळ करून मी एकटीच नदीवर गेले. हिरण्यकेशीच्या काठी रामतीर्थाला पाणी काळ्या खडकांवरून उड्या घेत जातं. भावजी तिथं बसलेले असणार हे शालननं सांगितलं होतंच. ते खडकावर होते. मला बघून उठले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि थोडं अंतर ठेवून बसले.

मी ठरवलं होतं तसं सांगितलं. काल घाटात गाडी चारदा थांबली. मिस्त्रीनं दोष शोधला. टाकीत कचरा होता, पंपाच्या डिझेलातून आलेला. तुम्ही खरं बोलत होता आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला नको ते बोलले.

ते पाण्याकडं बघतच म्हणाले, "पंपाचा न्हवता, वैनी. दादाचाच बोळा हुता."

त्यांनी मग सांगितलं. एकसारखं नाही, मध्येच थांबत, कधी मागचं पुढं. घाटात गाडी पहिल्यांदा बसली तेव्हा हे मागं पडून आवाज ऐकत होते. दुखणं तेव्हा जरा कमी होतं. म्हणाले, काल येतानाबी दोनदा अशीच बसलेली, टाकीतनं येईना, टाकी पुसताना माझाच बोळा आत राहिलाय बघ. बंद कर, दहा मिनिटं थांब, सुटंल. आणि हसले. "म्हणला, तुझ्या वैनीला सांगू नको, वरीसभर ऐकवंल." भावजी म्हणाले, "मग न्हाई सांगितलं."

हे थट्टेनं बोलले असणार. मी त्यांना तशी ऐकवायचेच, साध्या हरवलेल्या पान्यावरूनसुद्धा. त्यांना काय ठाऊक की ते भावाला शेवटचं काहीतरी सांगताहेत.

मी म्हणाले, अहो, मी तुम्हाला तेवढं बोलले तेव्हा तरी सांगायचं. ते म्हणाले, सगळे बसले होते, दादाची राख हातात होती, तेव्हा दादाची चूक कशी काढायची.

मग ते आणखी एक बोलले, आणि हे मी गाळणार होते, पण गाळत नाही. घाटात त्यांनी ट्रकना हात केला होता. दोन गेले, तिसरा थांबला. ह्यांना उचलून ट्रकात घालायला ड्रायव्हर खालीही उतरला. ह्यांनीच नको म्हटलं. चार महिने राबलोय, गाडी रस्त्यात टाकून जायची नाही, आता चालू होईल बघ. भावजींनी ऐकलं.

"त्याचं जल्मभर ऐकत आलो," ते म्हणाले. "त्या दिवशी ऐकाय नको हुतं. तुम्ही बोलला ते तेवढं खरं हाय, वैनी. मी त्याला उचलाय पायजे हुतं."

मी म्हणाले, "मी तुम्हाला माफ करायला आले होते, भावजी. आता तुम्ही मला करा."

धाकट्या दिरासमोर हात जोडायची आमच्यात रीत नाही. मी जोडले. त्यांनी तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं. आम्ही दोघं ऊन तापेपर्यंत तिथंच बसलो. पलीकडच्या खडकावर बायका धुणं धूत होत्या, त्यातली एक त्यांच्या ओळखीची होती. तिनं तिथूनच विचारलं, पावणं आलेत व्हय. ते म्हणाले, "व्हय. आमच्या वैनी हैत."

दुपारी आम्ही जेवायला आलो. पंगतीत ते यशवंतरावांच्या शेजारी बसले आणि भात आणखी मागून घेतला. शालन वाढता वाढता माझ्याकडं बघत राहिली.

तिसरा दिवस. परत

निघताना मी भावजींना कोल्हापूरपर्यंत चला म्हणाले. घर तुमचंच आहे, वर्ष झालं तुम्ही पाऊल टाकलं नाही. ते कारखान्यात सांगून आले. यशवंतरावांनी किल्ली त्यांच्यापुढं केली, पण त्यांनी मान हलवली आणि मागं येऊन बसले. मी पुढं बसले. शालननं डबा बांधून दिला.

संकेश्वरला मल्लाप्पाच्या शेडपुढं थांबलो. गाडी कशी आहे एवढं त्यानं विचारलं आणि मला मूठभर मिरच्या कागदात बांधून दिल्या. घाट लागला. संकेश्वरच्या बाजूचा चढ गाडीनं एका दमात घेतला. आवाज शेवटपर्यंत भरलेला होता.

माथ्याच्या थोडं अलीकडं भावजींनी यशवंतरावांना थांबायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला एक चिंचेचं झाड होतं. सहाव्यांदा गाडी इथं थांबली होती, ते म्हणाले. मग ते मागं जाऊन ह्यांच्याजवळ बसले होते. ह्यांनी हात मागितला म्हणून. त्याच वेळी ती बस गेली असणार.

मी विचारलं, ते नंतर काही बोलले का. वर्षभर मला हे कुणाला विचारता आलं नव्हतं.

भावजी सावकाश म्हणाले, "इथनं गाडी परत चालू झाली. माथ्यावर आलो तवा निपाणी दिसाय लागली. मला म्हणला, जरा उठवून बसव. बसवला. तंबाखू यंदा बरी आलीया म्हणला. आणि म्हणला, बारा वाजत आले, तुझी वैनी जेवायची थांबली असंल. मग मी गाडी काढली. निपाणीत हाक मारली तवा ओ दिली न्हाई."

त्या रविवारी मी खरंच थांबणार होते. सकाळी लवकर उठून ज्वारीच्या भाकरीचं पीठ चाळून ठेवलं होतं, मेथी निवडली होती. ट्रंककॉल आला आणि ते सगळं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी कुणातरी शेजारणीनं ती मेथी टाकून दिली.

मी डबा काढला. चिंचेखाली चटई घातली, आणि शालननं दिलेला दहीभात आणि मिरच्यांचं लोणचं तिघांच्या पानांत वाढलं. उन्हं डोक्यावर आली होती. भावजी नको म्हणत होते, मला भूक नाही. मी त्यांना आधी वाढलं आणि त्यांनी पहिला घास घेईपर्यंत मी हात आखडून बसले.